सोपी वाट नाही हे सिद्ध करताना

बाई,

शाळेत तुमचा फोटो लागला आहे. दहावीच्या वर्गाशेजारी जी अडगळीची खोली होती, मोडके बाक आणि गॅदरिंगचे पडदे ठेवायची, तिथे आता गणिताची खोली केली आहे. भिंतींना पांढरा रंग दिला आहे आणि फळ्याच्या वर तुम्ही आहात. मावशीकडे, म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीकडे, तुमचा तेवढा एकच बरा फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात तुमच्या मागे मंडपाची झालर दिसते आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला कुणावर तरी वैतागलेल्या आहात. तोच मोठा करून घेतला. तो फोटो तिथे माझ्यामुळे लागला असं सगळे म्हणतात. तुम्हाला हे सांगायचं कारण असं, की तो लागला त्या दिवशी मी तुमच्या शाळेत उभी राहून खोटं बोलले, आणि काल पुन्हा बोलले.

मी पुढे काय केलं हे तुम्हाला नीट सांगायची वेळच आली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी परदेशात पीएचडी करत होते. मावशीचं पत्र माझ्या हातात पडलं तोवर तुमचं तेरावंही होऊन गेलं होतं. तुम्ही शेवटपर्यंत माझ्याबद्दल विचारत होतात, असं तिनं लिहिलं होतं: "तां चेडू थंय नक्की काय शिकता?" मी तिला उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर सोडलं, कारण तेव्हा मला ते साध्या शब्दांत सांगता येत नव्हतं. आता येतं. आणि आता येतं तेव्हा कळतं, की तुम्हाला ते सांगायची गरजच नव्हती. ते सगळं सुरू झालं तुमच्याच स्वयंपाकघरात.

मी नववीत आहे. आमचा गाव आतल्या बाजूला, भातशेतीचा. शाळेसाठी मी वेंगुर्ल्यात आत्याकडे राहते आणि रविवारी तुमच्याकडे येते. मावशी बंदरावरून मासळी घेऊन आली आहे, शेजारच्या घराबरोबर अर्धी-अर्धी वाटून घ्यायची. टोपलीत लहानमोठे बांगडे आहेत, एखाददुसरा सरंगा आहे. वर्गात तुम्ही पुस्तकातलं मराठी बोलता, पण घराचा उंबरा ओलांडला की मालवणीवर येता. तराजू माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणता, "दोन वाटे सारख्या वजनाचे कर. एकय मासो कापूचो नाय."

मी इकडचा मासा तिकडे टाकते, तिकडचा इकडे. पारडं एकदा या बाजूला जातं, एकदा त्या. विळीपाशी बसलेली मावशी कावते. "गो ताई, मासे वास मारूक लागले! गणित मगे करा, माका ते साफ करूचे आसत." तुमचं तिच्याकडे लक्षच नाही.

"टोपलेत आनी एक मासो पडलो, तर वाटे करूच्यो तऱ्हा किती वाढतल्यो?"

"दुप्पट, बाई."

"आनी एक पडलो तर?"

"परत दुप्पट."

"म्हणजे टोपली भरली तर जन्मभर वाटेच करीत बसूचां लागतलां. पण कोणी येवन म्हणालो, ह्ये बग, मी वाटे केलंय, तर ते सारखे आसत काय ह्यां बगूक किती येळ?"

"एकदा जोखलां की झालां."

"मगे वाटे करूची सोपी वाट आसतली काय?"

"नसतली," मी म्हणते.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे रोखून बघता. "तुका गावली नाय म्हणान नाय, की नायच आसा? ती नायच आसा ह्यां दाखवतलंस कसां?"

मावशीनं शेवटी तराजू काढून घेतला आणि अंदाजानं दोन वाटे केले. ते सारखे नव्हतेच. शेजारीण मोठा घेऊन गेली आणि त्यावरून संध्याकाळपर्यंत तुम्हा दोघींचं वाजलं.

जगभर काही माणसं आयुष्यभर तोच प्रश्न घेऊन बसली आहेत, बाई. मी त्यांच्यातली एक. उत्तर मिळालं तर तपासायला सोपं, पण शोधायला भयंकर अवघड, अशी असंख्य कामं आहेत. यंत्र कितीही वेगवान झालं तरी त्यांना सोपी वाट सापडणार नाही असं आम्हाला वाटतं. वाटतं एवढंच, दाखवता येत नाही. सोपी वाट शोधणाऱ्याला ती सापडली की तो मोकळा झाला. आम्हाला मात्र कुणालाही, कधीही, कितीही हुशारी केली तरी ती सापडणार नाही, हे सिद्ध करायचं असतं. त्यामुळे आमच्यातले लोक सकाळी फळ्यावर सिद्धता मांडतात आणि दुपारच्या चहाआधी स्वतःच पुसून टाकतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही. पुसलेल्या फळ्यासमोर उभं राहून माणसं हसतात, एकमेकांना चहा देतात. मला ही मंडळी पहिल्यापासून आवडली, त्याचं कारण बहुधा हेच असावं.

मोठा प्रश्न अजून तसाच आहे. मी घेतला होता त्याचा एक लहान कोपरा. एका ठरावीक, मर्यादित रीतीनं काम करणाऱ्या यंत्राला तुमच्या मासळीचे वाटे झटपट करता येणार नाहीत, एवढंच मला दाखवायचं होतं. त्यात माझी कितीतरी वर्षं गेली. कुणाला सोबत घेतलं नाही. आपलं आपण करावं, नाव आपलं एकटीचं यावं, असं वाटत होतं, हेही लिहून टाकते. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर मला वाटलं की जमलं. मी त्याचा शोधनिबंध लिहून सगळ्यांना वाचता येईल असा इंटरनेटवर टाकला. जाणत्या लोकांनी सावधपणे कौतुक केलं. वाचतो आहोत, आतापर्यंत बरं दिसतं आहे, असं. आमच्याकडे एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ. इकडच्या एका पेपरानं मात्र छापलं की कोकणच्या लेकीनं जगातलं सर्वांत अवघड कोडं सोडवलं. मी ते वाचून हसले. फोन करून दुरुस्त करून घ्यायला हवं होतं, ते केलं नाही. दोन-तीनदा ते कात्रण उघडून पाहिलं मात्र.

मग शाळेचं बोलावणं आलं. थंडीचे दिवस होते. सत्कार, आणि तुमच्या नावानं गणिताच्या खोलीचं उद्घाटन. मी आदल्या दिवशी आले, लॉजवर उतरले. सकाळी चहा आला तेव्हा फोनवर एक ईमेल आलेली होती. दूरच्या देशातली एक तरुण संशोधक, मी तिला कधी भेटलेले नाही. फार आदबीनं लिहिलं होतं तिनं. मला कदाचित नीट समजलं नसेल, पण निबंधाच्या मध्यावर जो दावा आहे तो या लहानशा उदाहरणाला लावला तर काय होतं ते कृपया पाहाल का, असं. खाली ते उदाहरण होतं. मी सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते करून पाहिलं. तपासायला सोपं होतं. चहा निवायच्या आत मला कळलं की ती बरोबर आहे.

तुम्हाला वाटेल की मी कुठेतरी 'उघड आहे' असं लिहून पुढे गेले असेन. भूमितीच्या वहीत मी तसं लिहिलं होतं तेव्हा सगळ्या वर्गासमोर तुम्ही वही वर धरलीत आणि विचारलंत, "कोणाला उघड आहे? मला तर नाही." त्या दिवसापासून मी ते शब्द लिहिलेले नाहीत. या निबंधातही नव्हते. चूक होती ती मी पूर्ण सिद्ध केलेल्या, पुन्हा पुन्हा तपासलेल्या ओळीत. एकच गोष्ट दोन ठिकाणी येत होती आणि मी त्या दोन वेगळ्या गोष्टी धरून मोजल्या होत्या. इतक्या वेळा पाहिली ती ओळ, की पुढे पुढे मी ती वाचतच नव्हते, नुसती ओळखत होते.

मी न्यायला आलेल्या रिक्षात बसले. वाटेत मुख्याध्यापकांना सांगता आलं असतं, ते शेजारीच होते आणि हापूसला यंदा मोहर कसा धरला आहे ते सांगत होते. मी हो-हो करत राहिले. शाळेच्या दारात मावशी उभी होती. ठेवणीतलं पातळ नेसलेली, केसात अबोलीचा वळेसर, या वयात. तिनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. "तुज्यामुळां तिचां नाव रव्हलां गो," म्हणाली आणि रडायला लागली. त्यानंतर माझ्याच्यानं सांगणं झालं नाही. असं म्हणते खरी, पण त्याआधी तरी होणार होतं का, ते मला माहीत नाही.

शाल दिली, नारळ दिला. मी बोलायला उभी राहिले आणि मासळीच्या वाट्यांची गोष्ट सांगितली. मुलं हसली, मावशी सगळ्यांत जास्त हसली. शेजारणीनं मोठा वाटा नेला तिथे तर तिनं पदर तोंडाला लावला. मी रंगत गेले. बाई, मला खरंच बोलायला सुचत होतं त्या दिवशी, आणि शेवटी मी तुमच्या फोटोकडे हात करून म्हणाले, "बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं थोडंसं उत्तर आज मला देता आलं." ती पत्रिका माझ्या पर्समध्ये होती. टाळ्या खूप वेळ चालल्या.

परत गेल्यावर मी ईमेल लिहिणाऱ्या त्या मुलीला लगेच उत्तर दिलं नाही. आधी सिद्धतेतलं भोक बुजवता येतं का ते पाहू लागले. बारावीनंतर मी उत्तरेकडे शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला स्वेटर विणून दिला होता, "थंय थंडी आसता म्हणतत" असं म्हणून. त्याची एक बाही वीतभर लांब झाली होती. मी घालून दाखवला तेव्हा तुम्ही बघितलंत, "चुकलां गो," म्हणालात, आणि ती बाही दुमडून देऊन मोकळ्या झालात. मला तेवढं एक वाक्य लिहायला शिमगा जवळ आला. शेवटी माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागे घे आणि आजच घे. चूक लोक विसरतात. उशीर लक्षात ठेवतात." मी निबंध मागे घेतला, कारण लिहिलं, त्या मुलीचे आभार मानले. तिनं उलट लिहिलं की त्यातला पहिला भाग तिला फार सुंदर वाटतो आणि तो तिच्या कामी येईल. कुणी मला एक वाकडा शब्द बोललं नाही. इकडे तर कुणाला पत्ताच लागला नाही. इथे मी अजून कोडं सोडवलेली लेकच होते.

म्हणून परवा आले. मावशी पडवीत ओल्या काजूचे गर सोलत बसली होती. तिला ऐकू कमी येतं, म्हणून मला मोठ्यानं सांगावं लागलं.

"मावशी, माजां चुकलां. तां गणित बरोबर नाय."

"खयचां गणित?"

"ज्येच्यासाठी माका शाल दिली, तां."

तिनं हातातला काजू खाली ठेवला. "मगे तां गणित परत कर."

"परत करूक जमणां नाय. माका वाट गावणां नाय."

मग हळू आवाजात, जसं काही आत कुणी झोपलं आहे, तिनं विचारलं, "तिचो फोटो काढतले?"

मी नाही म्हटलं, पण तिचा विश्वास बसला नाही. "तुजां चुकलां तां तुजां. तिचो फोटो कित्याक काढूचो? ती थंय बसली आसा, ती बसांदे." आणि मग एकदम माझ्याकडे बघून, "तुका कधी कळलां?"

मी हे सांगायलाच एवढ्या लांबून आले होते. रेल्वेत बसून वाक्यं जुळवली होती.

"मगे," मी म्हटलं. "हयसून गेल्यावर."

तिनं मान हलवली. "तरी बरां. म्हणजे तेवां तू खरांच बोललंस." आणि ती परत काजू सोलायला लागली.

काल सकाळच्या शाळेला मी मुख्याध्यापकांकडे गेले. मावशी बरोबर आलीच. फोटोवर लक्ष ठेवायला. निबंध चुकल्याचं ऐकून मुख्याध्यापक गोंधळले. "मॅडम, आता झालं ते झालं. इथं कुणाला काय कळणार आहे? मुलांचा हुरूप जाईल उगाच."

"मुलांना सांगू द्या मला," मी म्हटलं. "आणि बाईंचा फोटो..."

"फोटो कशाला काढतोय आम्ही? बाईंनी शिकवलं ते काही चुकीचं नव्हतं." हे मी मावशीच्या कानाशी लागून सांगितलं, तेव्हा ती खुर्चीत जरा सैल बसली.

मग गणिताच्या खोलीत, तुमच्याखाली उभी राहून, मी मुलांना सांगितलं. फळ्यावर दोन टोपल्या काढल्या, माझी सिद्धता कुठून कुठे जात होती ते दाखवलं, आणि एकच गोष्ट मी दोनदा कशी मोजली ते त्या मुलीच्या उदाहरणावरून करून दाखवलं. मुलं लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त त्यांना कळत होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, मग शाल परत देणार?" वर्ग हसला, मुख्याध्यापकांनी डोळे वटारले. मी म्हटलं, आणायला हवी होती, आणली नाही. तेवढं उत्तर खरं होतं.

मग आताच्या गणिताच्या बाई उठल्या. तरुण आहेत, तुमच्यासारख्याच उभ्या राहून पेन हातात फिरवतात. त्यांनी साधेपणानं विचारलं, "चूक लक्षात कधी आली, मॅडम? म्हणजे सत्काराच्या वेळी..."

मावशी पहिल्या बाकावर बसली होती. तिला ऐकू गेलं की नाही मला कळेना. ती माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हटलं. "इथून गेल्यावर आली."

मुख्याध्यापक लगेच उभे राहिले. स्वतःची चूक स्वतःहून सांगायला मोठं मन लागतं, म्हणाले. मुलांनो, हा आदर्श लक्षात ठेवा, खरेपणा काय असतो ते आज तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. आणि टाळ्या सुरू झाल्या. थंडीतल्यापेक्षा जास्त. मागच्या बाकावरचे उभे राहून वाजवत होते. मावशीही वाजवत होती, हात वर धरून, सगळ्यांना दिसेल असे. मी तिथे उभी होते आणि माझे कान तापले होते, आणि मुलांना वाटलं असेल की मी संकोचले आहे.

निबंध चुकला याची मला लाज नाही वाटत, बाई. आमच्याकडे सगळ्यांचेच चुकतात. आज सकाळी मावशीनं घावणे केले, मला समोर बसवून वाढले, आणि बंदरावरून परत आलेल्या शेजारच्या सुनेला हाक मारून सांगितलं, "ह्यां बग, सगळ्या शाळेसमोर चुकलां म्हणान सांगलां ह्येनां!" मी मान खाली घालून खात राहिले. नको होता तरी दुसरा मागून घेतला, कारण न घेता उठले असते तर तिनं विचारलं असतं, काय झालां.

दुपारच्या गाडीनं मी जाणार आहे. तोवर तिला सांगता येईल, वेळ आहे. ती घरातच आहे, हाकेवर. मला वाटलं होतं, आधी तुम्हाला लिहिलं की जीभ सुटेल. सुटलेली नाही. हा कागद मी तिच्या हातात देऊ शकते, तिला अजून चष्मा लावून वाचता येतं. तेही मी करणार नाही, फाडून टाकीन बहुधा. तुमच्यापाशी हे सगळं एवढं सरळ लिहिता आलं, ते माझ्या खरेपणामुळे नव्हे. तुम्ही आता मान वर करून माझ्याकडे बघणार नाही, म्हणून.